आगाऊ हजेरी

१

सकाळी आठ म्हणजे आठ. मिनिट अलीकडे नाही, मिनिट पलीकडे नाही. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात बशी, बशीत एक पिवळी गोळी, असे मस्टर मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे आणि घसा खाकरायचे. आत शिलाई मशीन चालू असायचं. उजेड खिडकीतून येतो म्हणून मशीन खिडकीकडे तोंड करून मांडलेलं, त्यामुळे दारातून बायकोची दिसायची ती फक्त पाठ. वर बांधलेले केस, गळ्यात लोंबणारी मोजपट्टी आणि पायाच्या तालावर हलणारे खांदे.

"अगं, आठ वाजले."

"कळलं हो. अख्ख्या बिल्डिंगला कळलं."

मग ती मशीन थांबवायची, वळायची, गोळी तोंडात टाकायची आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करायची. गोळीला चव नव्हती. तोंड मस्टरांसाठी होतं.

मस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे. बत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या गेटवर हजेरीचं मस्टर सांभाळलं. आलेल्यापुढे 'ह', न आलेल्यापुढे 'गै'. निवृत्त झाले, मस्टर तिथेच राहिलं, नाव मात्र मागे मागे घरापर्यंत आलं. आता लेकसुद्धा फोनवर विचारायची, "आई, मस्टर काय म्हणतायत?"

चार महिन्यांपूर्वी बायकोचा गुडघा दुखत होता म्हणून रक्त तपासलं. गुडघ्याचं काही निघालं नाही, निघालं भलतंच. रक्तात एक नको ते प्रोटीन सापडलं. मग हाडातला मगज तपासला, चित्रं काढली, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"हा रक्ताचा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीची अवस्था आहे. आग लागलेली नाही, नुसतं धुमसतंय. काहींचं जन्मभर धुमसतच राहतं, काहींचं पेट घेतं. कुणाचं पेटेल, ते आज सांगता येत नाही."

"डॉक्टर, अडतीस वर्षं मी ह्यांच्यावर धुमसतेय," बायको म्हणाली. "अजून पेटले नाही. आता कशाला पेटतेय?"

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मस्टर हसले नाहीत. लेक लग्न होऊन सासरी गेलेली, घरात हजेरीला उरलेली नावं दोनच. त्यातलं एक कमी झालं तर उरलेल्या नावापुढे रोज 'ह' लिहायचा तरी कुणासाठी? त्या दिवसापासून त्यांना दुसरा विचार सुचेना.

"मग करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"सध्या काही नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि वाट बघायची."

वाट बघणं हे मस्टरांच्या रक्तातच नव्हतं. म्हणून नव्या औषधाची ट्रायल सुरू होतेय, पेटायच्या आधीच विझवता येतं का ते बघणार आहेत, असं कळलं तेव्हा मस्टर खुर्चीतून जवळजवळ उडालेच. "कुठे सही करायची?" त्यांनी विचारलं. सही बायकोची लागणार होती, पण पेन मस्टरांनी काढलं.

२

ट्रायलचं ऑफिस दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खुर्च्या, वजनकाटा, कोपऱ्यात गुणगुणणारा छोटा फ्रीज. तिथल्या नर्सला सगळे ट्रायलच्या ताई म्हणायचे. चुणचुणीत बाई. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू.

"निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. मला माहीत नसतं, डॉक्टरांना माहीत नसतं."

"मग माहीत असतं कुणाला?" बायकोने विचारलं.

"शेवटी सगळं उघडतात ना काकू, तेव्हा कळतं."

मग ताईंनी डायरी काढली. पातळ, निळ्या पुठ्ठ्याची. अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत चार रकाने. तारीख, गोळी घेतल्याची वेळ, काही त्रास, सही. ती बघून मस्टरांचे डोळे असे लकाकले की बायकोने त्यांना कोपर मारलं.

"माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं," ती ताईंना म्हणाली. "हेच भरतील. नाही भरू दिलं तर आजारी पडतील."

"चालेल. पण नियम ऐका हं काका. रोजची ओळ रोज भरायची, गोळी घेऊन झाल्यावर. चूक झाली तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी दुरुस्ती, सही आणि ज्या दिवशी दुरुस्त केलं ती तारीख. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी भरून ठेवायची नाही."

"आधी!" मस्टर मांडीवर थाप मारून म्हणाले. "अहो, त्यावरून एक किस्सा..."

"झालं," बायको म्हणाली. "ताई, खुर्चीला धरून बसा."

किस्सा असा. सोमवारी सकाळी गेटवर ही झुंबड उडायची. म्हणून मस्टर शनिवारीच सोमवारची हजेरी लावून टाकायचे. नेहमी येणारी माणसं ठरलेली, त्यांचा 'ह' आधीच मांडला की सोमवारी फक्त न आलेले शोधायचे. एकदा काय झालं, लंबू म्हणून एक लेथवाला होता, तो रविवारी संध्याकाळी घरी झोपला तो उठलाच नाही. सोमवारी दुपारी त्याचा भाऊ निरोप घेऊन आला, आणि मस्टरवर बघतात तर लंबूचा 'ह'!

"साहेबांनी माझी बिनपाण्याने केली. पण गंमत पुढेच आहे. तिघं जण शपथेवर सांगायला लागले, लंबू सकाळी लेथवर होता. म्हटलं, तोंड पाहिलंत? तर नाही. पाठमोरा होता म्हणे. हाका मारल्या तरी वळला नाही. पण काम चोख! ट्रेमध्ये बारा नग तयार." मस्टर हसून हसून लाल झाले होते. "आदल्या पाळीचे असणार हो, दुसरं काय! पण तेव्हापासून सगळे मला म्हणायचे, मस्टरने 'ह' लिहिला तर गेलेला माणूससुद्धा ड्यूटीवर येतो."

"लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा चार नग होते," बायको म्हणाली. मग नेहमीप्रमाणे तिने तो प्रश्न विचारला, जो किस्सा संपल्यावर ती दर वेळी विचारायची. "पण अहो, वळला असता तर काय दिसलं असतं हो?"

मस्टर नुसते हसायचे.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डायरी मस्टरांच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"काका, खरंच आधी भरू नका हं," त्या म्हणाल्या.

३

दोन दिवस मस्टरांनी नियम पाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली, घर शांत झालं, आणि समोर पंचवीस कोऱ्या ओळी. बत्तीस वर्षांची बोटं ती. पाऊण तासात महिना भरून झाला. वेळ आठ, त्रास नाही, सही. आणि वेळेच्या शेजारी, लिहिलेला त्यांना कळलाही नाही, प्रत्येक ओळीत एक बारीक 'ह'. मस्टरांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! महिनाभराची बायको त्यांनी जणू कुलपात ठेवली होती.

आणि बायकोही ठणठणीत. नातीच्या शाळेत जंगलाचं नाटक होतं, त्याचे अठरा पोशाख आजीने अंगावर घेतले होते. चार ससे, दोन कोल्हे, एक झाड, बाकी किरकोळ जनावरं. मागची खोली चिंध्यांनी भरून गेली आणि मशीन दिवसभर खडखडत राहिलं.

अकराव्या दिवशी सकाळी ती पलंगाच्या कडेला डोकं धरून बसली होती.

"अहो, गरगरतंय. मी पडते जरा. आज गोळी नको."

तिला आडवी करून, पांघरूण घालून मस्टर स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसून त्यांनी डायरी उघडली. त्रास नाही, असं लिहिलेलं. खोटं ते खोटं, रेघ मारायलाच हवी. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले, आणि मागच्या खोलीत मशीन सुरू झालं.

ते तसेच उठले. बशी घेतली, पेला घेतला, दारात गेले. ती बसली होती. पाठ, केस, मोजपट्टी, खांदे.

"अगं, गरगरत होतं ना?"

खांदे हलत राहिले. वळली नाही. नुसता एक हात मागे आला, तळवा वर करून. मस्टरांनी त्यावर गोळी ठेवली. हात पुढे गेला.

उठली म्हणजे बरं वाटतंय, असं म्हणून मस्टर खुशीत शीळ घालत दूध आणायला खाली गेले. जिन्यात मात्र एक गोष्ट त्यांच्या मनात टोचली. झोपायच्या खोलीतून मागच्या खोलीत जायचं तर वाट स्वयंपाकघरातूनच. ते टेबलाशीच बसले होते. त्यांच्या शेजारून कुणी गेलं नव्हतं. छे, नाक डायरीत खुपसलेलं, शेजारून हत्ती गेला असता तरी कळला नसता.

ते दूध घेऊन परत आले तेव्हा मशीन बंद होतं आणि बायको झोपायच्या खोलीतून जांभई देत बाहेर येत होती.

"किती छान डोळा लागला हो," ती म्हणाली. "उठवायचं नाही का?"

"मधे उठून शिवलंस की!"

"मी?" तिने मागच्या खोलीत जाऊन कोल्ह्याचा पोशाख उचलला. काल शेपटी नुसती टाचलेली होती. आज ती शिवून, कापूस भरून, टोकाला पांढरी होऊन तयार होती. ती बराच वेळ शेपटीकडे बघत राहिली. "बघा, चक्कर आली तरी हात थांबत नाहीत माझे. कौतुक करा जरा."

मस्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. दोन दिवसांनी चिंध्या झाडताना मशीनच्या पेडलखाली, दोऱ्यांच्या गुंत्यात, त्यांना पिवळी गोळी सापडली. पडली असेल हातातून. तेवढं त्यांनी ताईंना सांगायचं ठरवलं, आणि विसरले. विसरले कारण त्या भेटीत असं काही घडलं की कुणीही सगळं विसरावं. प्रोटीनचा आकडा तीन पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक नऊवर आला होता!

"काकू, मी असं म्हणायला नको," ताई म्हणाल्या, "पण मला नाचावंसं वाटतंय!"

डायरीतला 'ह' बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मस्टरांनी जुनी सवय म्हणून सांगितलं. ताईंनी मान हलवली. पुढच्या भेटीच्या वेळी त्या रजेवर असणार होत्या, म्हणून ह्या वेळी त्यांनी दोन डायऱ्या दिल्या. दुसऱ्या महिन्याची आणि तिसऱ्या महिन्याची.

घरी जाताना दोघं बसमध्ये बसलेच नाहीत. चालत निघाले, वाटेत आइस्क्रीम घेतलं, आणि बायकोने गुडघा विसरून रस्ता धावत ओलांडला. मस्टर मागून ओरडत होते आणि त्यांचं आइस्क्रीम मनगटावरून वितळत होतं.

४

दुसरी डायरी त्यांनी त्याच संध्याकाळी भरली. आता तर बळच आलं होतं. आपण 'त्रास नाही' लिहिलं आणि आलेला त्रासही पळाला. उघड नाही, पण मनातल्या मनात थोडं श्रेय त्यांनी स्वतःकडेही ठेवलं. अठ्ठावीस ओळी, अठ्ठावीस 'ह', खाली लफ्फेदार सही.

दुसऱ्या दिवशी गोळी देऊन झाल्यावर सहज म्हणून त्यांनी पान चाळलं आणि सतराव्या ओळीवर नजर अडली.

'गै'.

मस्टरांनी चष्मा पुसला. डायरी उजेडात धरली. अक्षर त्यांचंच. 'गै'च्या दोन मात्रा ते नेहमी डावीकडे पाडायचे, साहेब त्यावरून चेष्टा करायचे, तशाच पाडलेल्या. शाई त्यांच्याच पेनाची. अलीकडे 'ह', पलीकडे... त्यांनी बोट खाली सरकवलं. अठरावी ओळ, 'गै'. एकोणिसावी, 'गै'. अठ्ठाविसाव्यापर्यंत सगळ्या.

काल संध्याकाळी ह्या ओळींवर 'ह' होता. होता ना? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. हात भराभर चालत होता, डोकं आइस्क्रीमपाशी होतं. बत्तीस वर्षांत किती हजार 'गै' लिहिले, हात गेला असेल एकदा त्या वळणावर आणि मग तसाच घसरत राहिला असेल. बारा वेळा? बारा वेळा. माणसाचा हात आहे, यंत्र थोडंच आहे. बारा हा आकडा त्यांना कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण कुठे ते त्यांनी शोधलं नाही.

मागच्या खोलीत मशीन चालू होतं. ते पळतच गेले.

"अगं!"

ती वळली. तोंडात दोन टाचण्या, नाकावर चष्मा, कपाळावर दोऱ्याचा तुकडा. मस्टरांनी तो चेहरा असा बघितला की ती टाचण्या काढून म्हणाली, "काय हो? मी काय पहिल्यांदाच दिसतेय?"

"काही नाही. कपाळावर दोरा आहे."

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी फूटपट्टी घेतली. नियम म्हणजे नियम. सतराव्या ओळीतल्या 'गै'वर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी 'ह'. सही, तारीख. मग अठरावी. मग एकोणिसावी. बारा रेघा, बारा 'ह', बारा सह्या. संपलं तेव्हा त्यांना गाणं म्हणावंसं वाटत होतं. दुरुस्ती झाली होती! चूक होती, दुरुस्त झाली. आणखी काय हवं?

५

पुढचे दिवस कसे गेले ते विचारूच नका. बायको अशी कामाला लागली होती की मस्टरांची दमछाक व्हायची. तिने झाडाच्या पोशाखाला हाताने शंभर पानं लावली. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. चौदाव्या दिवशी मधलं रक्त दिलं तेव्हा सुई टोचणाऱ्याला तिने स्वतःच शीर दाखवली.

मस्टर मात्र रोज डायरी उघडून रेघा मोजायचे. बारा. खालचे 'गै' दिवसेंदिवस ठळक होतायत असं त्यांना वाटायचं, पण शाई वाळली की असंच दिसतं.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहून कंबर ताणत होती.

"सतरा झाले! उद्या फक्त अस्वल."

अस्वल म्हणजे नात. घरचं म्हणून तिचं शेवटी ठेवलेलं.

"उद्या नको करूस," मस्टर म्हणाले. "उद्या आराम कर."

"का? उद्या काय आहे?"

"काही नाही."

ती त्यांच्याजवळ आली, हनुवटी धरून त्यांचं तोंड वर केलं आणि डोळ्यात बघत राहिली. "मस्टर," ती म्हणाली. ती कधीच त्यांना मस्टर म्हणायची नाही. "घाबरलायत तुम्ही. आकडा खाली येतोय, मी उड्या मारतेय, आणि तुम्ही सुतकी चेहरा करून फिरताय. अहो, मी कुठे जात नाहीये. अस्वल शिवल्याशिवाय तर नाहीच नाही."

"वचन?"

"लिहून घ्या तुमच्या त्या डायरीत."

मस्टर हसले. मग त्यांना रडू आलं, आणि ती त्यांना चिडवत राहिली, आणि दोघांनी लवकर दिवे घालवले.

६

सतराव्या दिवशी मस्टरांना जाग आली तेव्हा पडद्यावर ऊन होतं. घड्याळात आठला तीन मिनिटं. आयुष्यात कधी एवढा वेळ ते झोपले नव्हते. शेजारी बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पांघरूण कानापर्यंत. झोपू दे. दमलीये. त्यांनी पांघरूण नीट करायला हात पुढे केला आणि बोटं तिच्या मानेला लागली.

मान गार होती.

सकाळचा गारवा असतो, असं म्हणत मस्टर उठले. पांघरुणाला त्यांनी परत हात लावला नाही. स्वयंपाकघरात आले, पेल्यात पाणी ओतलं, थोडं बाहेर सांडलं, बशीत गोळी ठेवली. डायरी टेबलावर उघडीच होती. सतरावी ओळ. रेघेखाली 'गै', रेघेशेजारी 'ह'. त्यांनी 'ह'वर बोट ठेवलं आणि दाबून धरलं, तो निघून जाईल अशा भीतीने.

आठ वाजले.

मागच्या खोलीत मशीन सुरू झालं.

आधी हळू, दोन टाके, थांबून चार टाके, आणि मग नेहमीचा वेग. मस्टरांच्या तोंडून आवाज फुटला, तो हसण्याचा होता की कसला, त्यांनाही कळलं नाही. आली! त्यांच्या शेजारून कुणी गेलं नव्हतं. नसू दे! पेला हिंदकळत, बशी वाजवत ते दारापर्यंत धावले.

पाठ. केस वर बांधलेले. मोजपट्टी. खांदे हलत होते. मशीनवरून अस्वलाचं तपकिरी कापड पुढे सरकत होतं.

"अगं, आठ वाजले!" मस्टर ओरडले. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला होता. "आठ!"

हात मागे आला, तळवा वर. त्यांनी गोळी ठेवली. हात पुढे गेला, आणि मशीनखाली फरशीवर काहीतरी बारीक टक् करून पडलं.

मस्टर मागे फिरले. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसत होतं. फटीतून पलंगाचा पायथा दिसत होता, आणि पांघरुणाखाली पायांचे दोन उंचवटे. मशीनचा आवाज मागून चालूच होता. आत जाऊन बघायला चार पावलं पुरली असती. मस्टरांनी एक टाकलं. मग हात लांब करून, आत न बघता, त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

७

दहाच्या सुमाराला फोन वाजला. ताई होत्या, आणि अशा ओरडत होत्या की मस्टरांनी फोन कानापासून लांब धरला.

"काका! मधल्या रक्ताचा रिपोर्ट आला! सापडतच नाहीये! प्रोटीन सापडतच नाहीये हो! शून्य! लॅबने दोनदा तपासलं!"

"शून्य?"

"शून्य! डॉक्टर स्वतः खाली येऊन सांगून गेल्या. काका, रडू नका, मीही रडेन. काकूंना द्या ना फोन. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मस्टर फोन घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेले. विझलं होतं. धुमसणंच विझलं होतं.

"अगं, ऐकलंस का? शून्य! ताई आहेत फोनवर. शून्य आलं!"

मशीन थांबलं.

घरात एवढी शांतता झाली की मस्टरांना खिडकीबाहेरच्या रस्त्यावरचं बोलणं ऐकू आलं. खांदे स्थिर होते. मग ते हळूहळू डावीकडे फिरायला लागले, मान त्यांच्या मागून. कानाची पाळी दिसली. कानामागचा तीळ दिसला, अडतीस वर्षं ओळखीचा. त्याच्या पुढे आता गाल सुरू व्हायला हवा होता.

"वळू नकोस!"

मस्टर किंचाळले होते. फोनमध्ये ताई काहीतरी विचारत होत्या.

"वळू नकोस गं," ते हळू म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसे. "राहू दे. अस्वल शिव. मी सांगतो ताईंना."

मान थोडा वेळ तशीच राहिली. मग परत खिडकीकडे गेली. दोन टाके, चार टाके, आणि वेग.

"काय झालं काका? काय म्हणाल्या काकू?"

"कामात आहे," मस्टर म्हणाले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आहे ना. हजर आहे."

फोन ठेवून ते टेबलाशी बसले. डायरीतल्या सतराव्या ओळीत जागा शिल्लक होती. एक रेघ 'ह'वर, शेजारी परत 'गै', सही, आजची तारीख. एवढंच करायचं होतं. मग उठून, ती कडी काढून, पांघरूण बाजूला करून तिचा चेहरा बघता आला असता, आणि लेकीला फोन करून रडता आलं असतं, जसं माणसं रडतात तसं. पेन त्यांच्या हातात होतं. मागच्या खोलीत अस्वलाचा एक पाय पुरा होऊन दुसरा सुरू झाला होता. हे त्यांना न बघता आवाजावरूनच कळत होतं.

त्यांनी तिसऱ्या महिन्याची डायरी पुढे ओढली आणि पहिल्या ओळीत 'ह' लिहिला. मग दुसऱ्या. मशीनच्या टाक्यांवर हात चांगला चालत होता. अठ्ठावीस झाले. शेवटच्या ओळीखाली सही केल्यावर त्यांनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. मस्टरांनी फूटपट्टी घेतली आणि आणखी ओळी आखायला सुरुवात केली.